मुक्त पत्रकारितेचा खर्च कोणाच्या माथी?

खारदांड्याच्या कोळीवाड्यात पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागतात. घरखर्च मात्र थांबत नाही. सुकवून ठेवलेली मासळी आणि ती बाजारात नेऊन विकणारी घरातील स्त्री, यांच्या बळावर ते दिवस निभावतात. ज्या व्यवसायाचे उत्पन्न अनिश्चित, त्याच्या पाठीशी असा एखादा दुसरा आधार असावाच लागतो. मुक्त पत्रकारिता या नियमाला अपवाद नाही.

अनिल अवचट यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४४ साली ओतूर येथे जन्मलेले अवचट पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. परंतु वैद्यकीच्या मिळकतीचा मार्ग सोडून त्यांनी लेखणी हाती घेतली. १९६९ मध्ये ‘पूर्णिया’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे हमाल, तंबाखू कामगार, विणकर यांच्यात वावरून त्यांनी जे लिहिले, ते कचेरीत बसून लिहिता येण्यासारखे नव्हते. या लेखनाचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे वेळ. आणि लेखाच्या मानधनात वेळेची किंमत क्वचितच धरलेली असते. ती किंमत अवचटांच्या घरी कोणी मोजली? त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करीत. संसाराचा आर्थिक भार प्रामुख्याने त्यांच्या वेतनावर होता आणि घरकाम व मुलींचे संगोपन यांत अवचटांचा मोठा वाटा होता. मराठी वाचकाला लाभलेल्या त्या लेखनात सुनंदाबाईंची ही अबोल गुंतवणूक आहे.

पी. साईनाथ यांचा मार्ग निराळा. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातील उपसंपादकत्वाची सुमारे दहा वर्षांची नोकरी सोडून १९९३ मध्ये ते एका पाठ्यवृत्तीवर देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत गेले. त्या वार्तापत्रांचे पुस्तक १९९६ मध्ये निघाले. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथेही आरंभीचा आधार लेखाच्या मानधनाचा नव्हता, पाठ्यवृत्तीचा होता.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वेतन व सेवाशर्तींना संरक्षण दिले; परंतु त्याची व्याख्या नोकरीत असलेल्या पत्रकारापुरती होती. ज्याला कोणी मालकच नाही, तो त्या छत्राबाहेर राहिला.

याचा परिणाम केवळ लेखकापुरता मर्यादित नाही. ज्याच्या घरी दुसरे वेतन नाही, असा कोळ्याचा किंवा हमालाचा हुशार मुलगा या व्यवसायात टिकणार कसा? तो टिकला नाही, तर त्याच्या वस्तीची हकिकत नेहमी बाहेरचाच कोणीतरी सांगणार. म्हणून वृत्तपत्रांनी मुक्त पत्रकाराला मानधनाखेरीज प्रवासखर्च व आगाऊ रक्कम देणे हा उपकार नव्हे. तो वृत्तपत्राच्या उत्पादनखर्चाचाच भाग आहे. तो आज कुटुंबाच्या खात्यावर टाकला जातो, एवढेच.