विमानाची अंघोळ

चकाचक विमान दिसलं की आपल्याला वाटतं, एअरलाइनला इमेजची फार काळजी. खरी काळजी वेगळीच असते. गंजाची!

सोमवारची पहाटेची मुंबई-बंगळुरू फ्लाइट. डोळ्यांवर झोप, मांडीवर लॅपटॉप, दहाच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन अजून अर्धवट. विंडो सीट मिळाली असेल तर एकदा पंखाकडे नीट बघा. रिव्हेट्सच्या रांगा दिसतील, कुठे तेलकट ओघळ, कुठे रंगाचा उडालेला टवका. ‘काय घाण आहे’ म्हणत आपण शटर खाली ओढतो आणि डुलकी काढतो.

माझा एक कॉलेजमित्र एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनीअर आहे. त्याला ही ‘घाण’ चक्क वाचता येते. ओघळ कुठून आलाय, रंग कशामुळे फुगलाय, यावरून आत काय चाललंय ते कळतं म्हणे. “अगं, विमान धुणं हे आमच्यासाठी हेल्थ चेकअप असतं, ब्यूटी पार्लर नाही,” तो म्हणाला. आणि मग कटिंगवर कटिंग मागवत त्याने मला जे काही सांगितलं, त्यानंतर मी शटर उघडंच ठेवते.

पहिला प्रश्न अर्थातच, विमान गंजतं? गंजतं, बॉस! फक्त खिडकीच्या गजांसारखं तांबूस नाही. विमानाचा पत्रा बहुतेक ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत ‘जर्मन’चा. शुद्ध ॲल्युमिनियम गंजाला फारशी दाद देत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम पडलं मऊ. म्हणून विमानासाठी त्यात दुसरे धातू मिसळतात. २०२४ नावाच्या प्रसिद्ध मिश्रधातूत चारेक टक्के तांबं असतं, ७०७५ मध्ये जस्त. ताकद आली, पण लफडंही आलं. शाळेत लिंबात तांब्याची तार आणि खिळा खुपसून बॅटरी केली होती, आठवतंय? दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट किंवा आंबट ओल, की एक धातू झिजायला लागतो. इथे ही बॅटरी पत्र्याच्या पोटातच तयार होते. मग पांढरी भुकटी दिसते, रंगाला फोड येतात, कधी पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो.

यावरचा पहिला उपाय तुम्ही घरी पाहिलाय. कल्हई! मजबूत पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. त्याला म्हणतात अल्क्लॅड. त्यावर हिरवट-पिवळा प्रायमर, त्यावर रंग. जुना क्रोमेट प्रायमर गंजाविरुद्ध जबरदस्त, पण त्यातलं क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं. २०००च्या ‘एरिन ब्रॉकोविच’मध्ये ज्युलिया रॉबर्ट्स ज्याच्या मागे हात धुऊन लागते, तेच हे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. त्यामुळे आता त्याला पर्याय आणण्याची खटपट सुरू आहे.

आता गंमत बघा. विमानाला बाहेरचा पाऊस जितका छळतो, तितकेच आपणही छळतो. गंजाचे लाडके अड्डे कुठले? गॅली आणि टॉयलेटखालची जमीन. सांडलेली कॉफी, कोला, ज्यूस, आणि टॉयलेटमधलं जे काही असेल ते, झिरपत झिरपत खालच्या तुळयांपर्यंत पोचतं. शिवाय आपला श्वास. तीसेक हजार फुटांवर बाहेर उणे चाळीस-पन्नास तापमान. श्वासातली वाफ थंडगार पत्र्यावर आतून जमते आणि भिंतीमागची इन्सुलेशनची गादी भिजवते. हे पाणी निघून जावं म्हणून विमानाच्या पोटाला छोटी भोकं ठेवलेली असतात. ती कचऱ्याने बुजली की पाणी साचलंच.

छत उडालं, तेव्हा...

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७. विमान १९ वर्षांचं. बेटाबेटांमध्ये छोट्या फेऱ्या मारून मारून त्याची ८९,६८० उड्डाणं झालेली. प्रत्येक उड्डाणात केबिन फुग्यासारखी जरा फुगते आणि पुन्हा बसते. त्यात चोवीस तास समुद्राची खारी हवा. २४ हजार फुटांवर विमानाच्या पुढच्या भागाचं छत, जवळजवळ साडेपाच मीटर लांबीचं, उडून गेलं. लोक सीटला बांधलेले आणि डोक्यावर थेट आकाश! फ्लाइट अटेंडंट क्लाराबेल लान्सिंग बाहेर खेचली गेली. ती कधीच सापडली नाही. पायलट्सनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं आणि बाकीचे ९४ जण वाचले. हे अजूनही वाचताना खरं वाटत नाही.

तपासात काय निघालं? पत्र्यावर पत्रा चढवून केलेला सांधा एका प्रकारच्या गोंदाने चिकटवलेला होता. त्यात ओल शिरली, गोंद सुटला, गंज धरला आणि सगळा भार रिव्हेट्सवर आला. रिव्हेट्सच्या भोकांना बारीक तडे गेले आणि ते तडे एकमेकांना जाऊन मिळाले. कंपनीच्या तपासणीत हे दिसायला हवं होतं, असा ठपका चौकशीत आला. अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसला होता. त्या काही बोलल्या नाहीत.

त्याआधी तैवानमध्ये, २२ ऑगस्ट १९८१ला, एक ७३७ हवेतच फुटलं होतं. ११० माणसं गेली. खालच्या भागाचा पत्रा गंजाने पोखरला होता.

तारेची घासणी चालत नाही

मित्राच्या ओळखीने, रीतसर परवानगी काढून, मी एका हँगरमध्ये विमान धुताना पाहिलं. रात्रीचे अडीच. फोन गेटवर जमा. मला वाटलं होतं, फायर ब्रिगेडसारखा पाण्याचा मारा असेल. कसलं काय! लांब दांड्यांचे मऊ मॉप आणि माणसं. पत्रा तापलेला असेल तर साबण त्यावरच वाळतो, म्हणून उन्हात धुणं टाळतात.

तिथले एक काका गेली कित्येक वर्षं हेच काम करतायत. साबण कोणताही चालत नाही, विमान बनवणाऱ्याने मंजूर केलेलाच हवा. कॉस्टिकसारखा जहाल क्षार ॲल्युमिनियम खातो. आम्लाचं वेगळंच. लँडिंग गिअरच्या कडक पोलादात त्यामुळे हायड्रोजन शिरू शकतो आणि पोलाद ठिसूळ होतं. ब्रेक झाकून ठेवायचे. खिडक्यांच्या ॲक्रिलिकला थिनर लावायचा नाही, बारीक चिरांचं जाळं पडतं. तारेची घासणी तर पूर्ण बॅन. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुन्हा तीच लिंबाची बॅटरी! साबण खालून वर लावायचा, नाहीतर कोरड्या मळावर ओघळांचे डाग बसतात. पाणी मात्र वरून खाली. काही कंपन्या पाणी वाचवायला ‘ड्राय वॉश’ करतात, म्हणजे लेप लावायचा, वाळू द्यायचा, पुसून काढायचा. धुऊन झालं की मेणचट तेलाचा फवारा सांध्यांमध्ये मारतात. तो पाण्याला बाहेर ढकलतो.

पण या सगळ्याआधी काकांनी एक काम स्वतः केलं. विमानाच्या अंगावर वेग आणि उंची मोजणारी बारीक भोकं आणि नळ्या असतात, त्या झाकल्या. प्रत्येक झाकणाला लांब लाल रिबीन. “ताई, हे लावणं सोपं. काढायला विसरलं की संपलं,” एवढंच म्हणाले.

ते अतिशयोक्ती करत नव्हते. २ ऑक्टोबर १९९६ला लिमाहून सांतियागोला निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं. धुताना भोकांवर लावलेली चिकटपट्टी काढायचीच राहिली होती. काळ्याकुट्ट रात्री पायलट्सना ना खरी उंची कळत होती, ना खरा वेग. ७० जण गेले. याच्या अगदी उलटी केस २७ नोव्हेंबर २००८ची, फ्रान्समधल्या पर्पिन्यांजवळची. रंगकामाआधी धूळ घालवायला एक ए३२० पाण्याने धुतलं, पण सेन्सर झाकलेच नाहीत. आत शिरलेलं पाणी वर गेल्यावर गोठलं. चाचणी उड्डाणातल्या सातही जणांचा जीव गेला. एकीकडे पट्टी राहिली म्हणून, दुसरीकडे लावली नाही म्हणून.

नुसतं उभं राहिलं तरी विमान गंजतं, हे लॉकडाऊनमध्ये जगाला कळलं. २५ मार्च २०२०ला आपल्याकडची देशांतर्गत विमानं थांबली ती दोन महिने. सिंगापूर एअरलाइन्सने काही विमानं ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सच्या वाळवंटात नेऊन ठेवली, कारण तिथली हवा कोरडी. आणि जुलै २०२०मध्ये अमेरिकेच्या एफएएने तातडीचा आदेश काढला. सात दिवस किंवा जास्त उभ्या राहिलेल्या बोइंग ७३७च्या इंजिनांतली एक झडप गंजून अडकू शकते, आधी तपासा, मगच उडवा. आपल्या जुहू-सांताक्रूझच्या खाऱ्या वाऱ्यात पार्किंगमधल्या बाइकचं काय होतं ते तुम्ही पाहताच. तिथे ही कोट्यवधींची यंत्रं!

मग ॲल्युमिनियमच नको, असं कुणालातरी सुचणारच होतं. बोइंग ७८७ ड्रीमलाइनरच्या वजनात जवळपास अर्धा वाटा कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिट्सचा आहे. त्याला गंजाची भीती नाही म्हणून केबिनमध्ये ओलावा जास्त ठेवता येतो. लांबच्या प्रवासात घसा कमी कोरडा पडतो तो यामुळे. अर्थात कार्बनचं ॲल्युमिनियमशी मुळीच पटत नाही. दोघं चिकटले आणि ओल आली की ॲल्युमिनियम झिजलंच. म्हणून तिथे महागडं टायटेनियम वापरावं लागतं. धुणं काही सुटलेलं नाही. ड्रीमलाइनरच्या वेळीही लाल रिबिनी मोजून लावतात, मोजूनच काढतात आणि त्यावर इंजिनीअरची सही होते.