पाच सेंटांचा समुद्र

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागाच्या दक्षिण टोकाला असलेले कोनी आयलंड आज केवळ नावापुरतेच बेट उरले आहे. भराव घालून ते केव्हाच ब्रुकलिनला जोडले गेले. १८९७ साली जॉर्ज टिलियू यांनी तेथे स्टीपलचेस हे क्रीडोद्यान उभारले. त्यापाठोपाठ १९०३ मध्ये लूना पार्क आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड आले. विजेच्या असंख्य दिव्यांनी किनारा उजळून निघाला.

परंतु या जागेला खरी जनमान्यता लाभली ती दिव्यांमुळे नव्हे, तर रेल्वेमुळे. १९२० च्या सुमारास अवघ्या पाच सेंटांत शहरातील श्रमिक सहकुटुंब समुद्रावर पोहोचू लागला. तोवर किनाऱ्याचा बराच भाग खाजगी स्नानगृहांनी अडविला होता. नगरप्रशासनाने तो मोकळा केला आणि १९२३ मध्ये लांबलचक लाकडी फिरस्ता बांधून सर्वांच्या स्वाधीन केला. आकाशपाळणा १९२० मध्ये आला, तर ‘सायक्लोन’ ही चित्तथरारक घसरगाडी १९२७ मध्ये.

ड्रीमलँड १९११ मध्ये आगीत भस्मसात झाले. लूना पार्कलाही १९४४ मध्ये आगीनेच ग्रासले. स्टीपलचेसचा बळी मात्र आगीने घेतला नाही. ते १९६४ मध्ये बंद पडले. फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने ती जागा विकत घेतली आणि १९६६ मध्ये तेथील काचेचा भव्य मंडप समारंभपूर्वक जमीनदोस्त केला. नियोजित इमारती मात्र उभ्या राहिल्याच नाहीत. २००१ मध्ये बेसबॉलचे मैदान होईपर्यंत त्या भूखंडाला नवे रूप लाभले नाही.

दरम्यान परिसरातील जुनी घरे पाडून उत्तुंग सरकारी वसाहती उभ्या राहिल्या. पर्यटक उन्हाळ्यापुरते येतात. येथील रहिवाशांना हिवाळाही येथेच काढावा लागतो. २०१२ च्या सँडी वादळात समुद्र याच वस्त्यांत शिरला. २०१० मध्ये नवे लूना पार्क उभे राहिले खरे, पण मोक्याच्या जागेवरील धनिकांची दृष्टी हटली नाही. २०२२ मध्ये येथे जुगारगृह काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला आणि अखेर २०२५ मध्ये स्थानिक सल्लागार समितीने तो फेटाळला.

शतकभराच्या या उलाढालीत खाजगी उद्याने जळाली, विकली गेली, पुन्हा उभारली गेली. अखंड टिकला तो लोकांच्या मालकीचा किनारा! पाच सेंटांचे तिकीट १९४८ मध्येच इतिहासजमा झाले. वाळूवर पाऊल ठेवण्यासाठी मात्र आजही दाम मोजावे लागत नाही. श्रमणाऱ्या माणसाच्या विरंगुळ्याला शहराच्या नियोजनात हक्काची जागा असली पाहिजे, हाच या किनाऱ्याचा धडा होय.