बालापूरच्या झोपड्या आणि आपल्या खात्रीच्या गोष्टी

डिसेंबर २०२० मध्ये हैदराबाद महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी दोनच महिने, ऑक्टोबरच्या पुरात, शहरातल्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. नाले, तलावांवरची अतिक्रमणं, वाहून गेलेले संसार एवढे विषय समोर असताना प्रचाराचा मोठा भाग खाऊन टाकला तो म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या विषयाने. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांतल्या मराठी घरांतही तेव्हा हीच चर्चा होती, आणि ती अजून थांबलेली नाही. किती आहेत, कोणी आणले, आधार कार्ड कोणी दिलं, सरकार यांना पोसतं का, यांची मुलं उद्या मतदार होणार का? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाकडे तयार असतात. दुर्दैवाने त्यातली बरीचशी चुकीची आहेत, आणि चूक दोन्ही बाजूंची आहे.

‘एवढे लोक इथे राहतात, म्हणजे महापालिका किंवा राज्य सरकारनेच त्यांना ठेवून घेतलंय’

परकीय नागरिक, नागरिकत्व, पासपोर्ट आणि व्हिसा हे विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवले आहेत. नगरसेवकाला यात काडीचाही अधिकार नाही. बेकायदा राहणाऱ्या परकीयांना शोधणं आणि परत पाठवणं हे काम केंद्राने राज्यांच्या पोलिसांवर सोपवलं आहे. पण ते सोपवलेलं काम आहे, धोरण केंद्राचंच. त्यामुळे महापालिकेच्या निवडणुकीत ‘आम्हाला निवडून द्या, आम्ही यांना हाकलतो’ असं कोणी सांगितलं किंवा ‘आम्ही यांचं रक्षण करतो’ असं कोणी सांगितलं, तर दोघंही आपल्या हातात नसलेली गोष्ट विकत असतात.

‘सरकार त्यांना फुकट पोसतं’

काचीगुड्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, रंगारेड्डी जिल्ह्याच्या हद्दीत बालापूर लागतं. तिथे आणि जुन्या शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये म्यानमारच्या राखाईन प्रांतातून आलेली ही कुटुंबं राहतात. संख्या काही हजारांत आहे, लाखांत नाही. २०१७ साली केंद्र सरकारने संसदेत साऱ्या देशातल्या रोहिंग्यांचा जो अंदाज सांगितला तोच सुमारे ४०,००० होता. झोपड्या बहुतेक खासगी जागेवर आहेत आणि त्या जागेचं भाडं हे लोक भरतात. पुरुष बिगारी काम करतात, बरेच जण भंगार आणि कचरा वेचतात. त्यांच्यासाठी सरकारची घरकुल योजना नाही, मासिक भत्ता नाही. मदत मिळते ती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडून, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थांकडून आणि आसपासच्या दानशूरांकडून. मुलांच्या शाळेचा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा न्यायालयाने एवढंच सांगितलं, की या मुलांनी आधी सरकारी शाळेत अर्ज करावा आणि प्रवेश नाकारला तर उच्च न्यायालयात जावं.

‘आधार कार्ड मिळालं म्हणजे नागरिक झाले’

हा गैरसमज हैदराबादेत फार पसरला त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आधार प्राधिकरणाच्या हैदराबाद कार्यालयाने १२७ जणांना नोटिसा काढल्या. खोट्या कागदांवर आधार घेतल्याचा संशय पोलिसांनी कळवला होता. लगेच दोन अफवा निघाल्या. एक, हजारो रोहिंग्यांना नागरिकत्व दिलं गेलंय. दुसरी, आता आधार कार्यालयच मुसलमानांचं नागरिकत्व काढून घेणार. प्राधिकरणाला खुलासा करावा लागला, की नोटिशींचा नागरिकत्वाशी संबंध नाही. २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलं आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. तो रहिवाशाला मिळतो आणि त्यासाठी आदल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. कायदेशीर मार्गाने राहणाऱ्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. खोटे कागद देऊन तो मिळवणं हा गुन्हा आहे आणि तिथे कारवाई व्हायलाच हवी.

‘इथे जन्मलेली मुलं आपोआप भारतीय होतात’ हीसुद्धा तशीच समजूत. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्म एवढं पुरेसं होतं. नंतर आई किंवा वडील भारतीय असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक आहे: दोघंही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. बालापुरात जन्मलेलं रोहिंग्या जोडप्याचं मूल भारतीय नाही. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने त्याच्या आईवडिलांचं नागरिकत्व आधीच नाकारलंय. म्हणजे ते मूल कोणत्याच देशाचं नाही.

‘आंतरराष्ट्रीय करारामुळे भारताचे हात बांधलेले आहेत’ आणि त्याच्या उलट, ‘करारावर सहीच नाही, मग वाटेल ते करता येतं’

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडलेला १९६७ चा पूरक करार (प्रोटोकॉल), दोन्हींवर भारताची सही नाही. संयुक्त राष्ट्रांचं उच्चायुक्तालय मात्र १९८१ पासून भारतात काम करतं. कोणी आश्रय मागितला तर त्याची मुलाखत घेतं, खात्री पटली तर ओळखपत्र देतं. बालापूरमध्ये अनेकांच्या खिशात हे कार्ड असतं. ते कार्ड म्हणजे भारतात राहण्याचा परवाना, असं त्यांच्या बाजूने बोलणारे कधी कधी सांगतात. तसं नाही. भारत सरकार त्या कार्डाला राहण्याचा कायदेशीर हक्क मानत नाही.

मग देशाचा स्वतःचा कायदा काय म्हणतो? आश्रयाविषयी काहीच म्हणत नाही. २०२५ साली संसदेने आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने रद्द केले. वैध कागदपत्रांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच. पण जीव वाचवण्यासाठी सीमा ओलांडणारा माणूस आणि बनावट पासपोर्टवर धंद्यासाठी येणारा माणूस यांत फरक कसा करायचा, तो कोणी करायचा, किती दिवसांत करायचा, याविषयी या नव्या कायद्यातही व्यवस्था नाही. तो फरक सरकारी आदेशांवर सोडलेला आहे.

आदेशांवर सोडल्यामुळेच कोणाला काय मिळतं हे गटागणिक बदलतं. तिबेटींना वसाहती मिळाल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यातलं गोठणगाव त्यांतलंच. श्रीलंकेच्या तमिळांना तामिळनाडूत छावण्या मिळाल्या. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली आणि भारताने त्यांना सांभाळलं. रोहिंग्यांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

तरीही ‘वाटेल ते करता येतं’ हे खरं नाही. घटनेचं २१ वं कलम जीविताचं संरक्षण प्रत्येक व्यक्तीला देतं. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं, की नागरिक नसलेल्यांच्या जिवाचं रक्षण करणंही तुमचं काम आहे. दुसऱ्या बाजूला, ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात न्यायालयाने जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांना सोडायला नकार दिला. भारतात राहण्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे, मात्र विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय कोणालाही परत पाठवू नये, असं त्या आदेशाचं सार. मे २०२५ मध्येही परत पाठवणीला स्थगिती मिळाली नाही. म्हणजे सरकारला पाठवण्याचा अधिकार आहे, पण हात धरून रात्रीत सीमेपलीकडे ढकलण्याचा नाही.

प्रक्रिया हा शब्द कोरडा वाटतो. तिचं मोल कळायला जून २०२५ मधली घटना पुरेशी आहे. मुंबई परिसरात बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय असल्याचं सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. घाईची किंमत आपल्याच नागरिकांनी मोजली.

‘नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने हा प्रश्न सुटला’

सुटलेला नाही, तो कायदा त्यासाठी नव्हताच. २०१९ ची दुरुस्ती अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीनच देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. नियम मार्च २०२४ मध्ये आले. म्यानमार यादीत नाही, श्रीलंका नाही. केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने याच गटांपैकी २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कागदपत्रांच्या गुन्ह्यातून सूट दिली, पण ती सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. उद्या कराचीहून एखादं हिंदू कुटुंब छळ सोसून आलं, तर त्यालाही या देशात आश्रयाचा असा कोणताही कायदेशीर हक्क मागता येणार नाही. आश्रयाचा कायदा नसण्याचा फटका कोणत्या धर्माला बसेल हे आधी सांगता येत नाही.

‘आश्रय मागणारे म्हणजे कोणी वेगळीच माणसं’

काचीगुड्यातल्या मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीने मराठवाड्यातली हजारो कुटुंबं निजामाच्या राज्याची हद्द ओलांडून मुंबई प्रांतात आणि वऱ्हाडात गेली. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड या सरहद्दीवरच्या गावांनी त्यांना थारा दिला. परवाना कोणाकडे होता? सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उलट दिशेने लोंढा आला. मराठवाड्याच्या खेड्यांत सूडाच्या कत्तली झाल्या आणि मुसलमान कुटुंबं जीव वाचवायला याच हैदराबाद शहरात आली. नेहरूंनी नेमलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणींत या दोनपैकी पहिलीच गोष्ट येते. दुसरीही तितकीच खरी आहे, आणि दोन्ही मिळून हा आपल्याच मातीचा इतिहास आहे.

महाराष्ट्राने तर परक्यांनाही सांभाळलंय. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित येऊन राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधींमधून उल्हासनगर उभं राहिलं.

आणि आजही आपली माणसं दुसऱ्यांच्या दारात उभी आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या घातलेल्या त्या माणसांत तिघं महाराष्ट्रातले होते. त्या बेड्यांचा आपल्याला राग आला आणि तो योग्यच होता. तोच राग बालापूरबद्दल बोलताना का विरघळतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

‘आश्रयाचा कायदा केला तर दहशतवाद्यांनाही दार उघडेल’

ही भीती प्रामाणिक आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. १९५१ च्या करारातही युद्धगुन्हे किंवा गंभीर गुन्हे केलेल्याला निर्वासिताचं संरक्षण मिळत नाही, आणि देशाच्या सुरक्षेला धोका ठरणाऱ्याला परत पाठवता येतं. कायदा असेल तर आलेल्या प्रत्येकाची नोंद, बोटांचे ठसे, मुलाखत आणि ठरावीक मुदतीत निकाल, एवढं तरी होईल. अर्ज फेटाळला गेलेल्याला परत पाठवण्याचा आधारही पक्का होईल. आज काही हजार माणसं वर्षानुवर्षं ना धड आत ना धड बाहेर अशी राहतात. गुन्हेगार टोळ्यांना आणि खोटे कागद करून देणाऱ्या दलालांना हीच अवस्था सोयीची आहे. ज्याला खरोखर सुरक्षेची काळजी आहे त्याने कायद्याला विरोध करण्याचं कारण मला दिसत नाही.

मसुदे तयार आहेत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात एक नमुना कायदा लिहिला गेला. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयाविषयीचं खासगी विधेयक मांडलं. त्यातलं काहीही कायद्यात उतरलं नाही.

काचीगुडा सिकंदराबाद लोकसभा मतदारसंघात येतो. इथले खासदार जी. किशन रेड्डी २०१९ ते २०२१ या काळात केंद्रात गृहराज्यमंत्री होते. ज्या खात्याकडे हा सगळा विषय आहे तेच खातं. पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारात येऊन रोहिंग्यांचं नाव काढेल, तेव्हा त्याला आकडे विचारू नका. आश्रयाचा कायदा संसदेत कधी आणणार, एवढंच विचारा आणि तारीख मागा.