तलवार, ढाल आणि मोकळा हात

हाती शस्त्र असलेल्या पात्राला मंत्रप्रयोग करता यावा की नाही, हा रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांमधील जुना वाद आहे. छापील नियम अपुरे वाटू लागले की प्रत्येक टेबलावर ‘घरचे नियम’ तयार होतात. ते करताना कशाचे भान ठेवावे, याचा हा ऊहापोह.

पत्त्यांचा डाव मांडला की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ‘आमच्याकडे असे खेळत नाहीत’ म्हणतोच. मेंढीकोट असो, रमी असो वा कॅरमची राणी असो, प्रत्येक घराचा स्वतःचा एखादा पोटनियम असतो आणि पाहुण्याने तो मुकाट्याने मान्य करावा, अशी अपेक्षा असते. या खेळांचे नियम मोजकेच, तेव्हा त्यांत घरोघरी भर पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या खेळाचे नियम शेकडो पानांच्या जाडजूड पुस्तकांत छापलेले आहेत, त्यातही हेच घडते, ही मात्र नवलाची गोष्ट म्हणावी लागेल.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार, म्हणजे या खेळाच्या भाषेत ‘डंजन मास्टर’ असतो. तो कथा पुढे नेतो, शत्रू आणि संकटे उभी करतो. उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, तर कोणी ‘क्लेरिक’, म्हणजे देवाच्या कृपेने जखमा बऱ्या करणारा धर्मसेवक. एखादी कृती साधली की फसली, हे प्रामुख्याने वीस बाजूंचा फासा ठरवतो.

या खेळातील मंत्र नुसते म्हटले की सिद्ध होत नाहीत. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात मंत्राचे तीन घटक सांगितलेले आढळतात: उच्चार, हस्तमुद्रा आणि सामग्री. पूजेला बसलेल्या गुरुजींना पाहिलेल्या मराठी वाचकाला ही त्रयी परकी वाटू नये. काही मंत्रांना तिन्ही घटक लागतात, काहींना दोन, तर काहींना केवळ उच्चार पुरतो. मात्र मुद्रा करायची तर हात मोकळा हवा. एका हातात गदा आणि दुसऱ्या हातात ढाल असेल तर मुद्रा कोणत्या हाताने करायची? वादाचे मूळ या साध्या प्रश्नात आहे.

नियमामागचे कारण

वरवर पाहता हा नियम वास्तवाचा आभास निर्माण करण्यासाठी केलेला दिसतो. त्याचे खरे प्रयोजन मात्र वेगळे आहे. योद्ध्याजवळ पोलाद आणि मांत्रिकाजवळ विद्या, अशी या खेळातील श्रमविभागणी आहे. मांत्रिकाला चिलखत, ढाल आणि तलवारही मिळाली, तर योद्ध्याची भूमिका घेऊन बसलेल्या खेळाडूने करायचे काय? म्हणूनच १९७४ च्या मूळ नियमांत मांत्रिकाला शस्त्र म्हणून केवळ खंजीर दिला होता.

पुढील आवृत्त्यांनी ही बंदी सैल केली, परंतु किंमत लावून. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीत मांत्रिकाने चिलखत चढवल्यास मुद्रा लागणारा मंत्र फसण्याची टक्केवारीच ठरवून दिली होती. साध्या चामडी चिलखताला १० टक्के, संपूर्ण पोलादी चिलखताला ३५ टक्के, तर अंगभर झाकणाऱ्या मोठ्या ढालीला ५० टक्के. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही टक्केवारी रद्द केली. चिलखत वापरण्याचे शिक्षण असले की मंत्रालाही आडकाठी नाही, असे ठरले. मोकळ्या हाताची अट मात्र कायम राहिली.

मोकळ्या हाताचे गणित

ही अट किती गुंतागुंतीची आहे, हे प्रत्यक्ष लढाईत कळते. समजा, क्लेरिकच्या एका हातात गदा आणि दुसऱ्या हातात ढाल आहे. ढालीवर त्याच्या देवाचे चिन्ह कोरलेले आहे. समोर त्याचा साथीदार योद्धा कोसळला आहे आणि त्याचे हिट पॉइंट शून्यावर आले आहेत. आता दर पाळीला त्या योद्ध्याच्या खेळाडूने फासा टाकायचा. दहापेक्षा कमी पडले की एक अपयश, आणि अशी तीन अपयशे म्हणजे मृत्यू. दोन अपयशे झाली आहेत. क्लेरिकला ‘क्युअर वूंड्स’ हा जखमा भरणारा मंत्र योजायचा आहे.

येथे नियमांची एक विचित्र गाठ पडते. ज्या मंत्राला सामग्री लागते, त्यासाठी देवाचे चिन्ह सामग्रीची जागा घेते आणि ते चिन्ह धरलेल्या हातानेच मुद्राही करता येते. म्हणजे सामग्री लागणारा आशीर्वादाचा ‘ब्लेस’ हा मंत्र ढालीच्या हाताने खुशाल योजता येतो. परंतु ‘क्युअर वूंड्स’ला सामग्री लागतच नाही, केवळ उच्चार आणि मुद्रा पुरतात. परिणामी त्याला ढालीवरील चिन्ह उपयोगी पडत नाही आणि संपूर्ण मोकळा हात हवा. ज्या मंत्राच्या गरजा कमी, तोच योजणे अधिक कठीण, असा हा उफराटा न्याय आहे.

यावर चलाख खेळाडूंनी शोधलेली पळवाटही प्रसिद्ध आहे. हातातील वस्तू सोडून देण्यास काही किंमत पडत नाही, असे बहुतेक टेबलांवर मानले जाते. आणि एका पाळीत एखादी वस्तू विनामूल्य उचलता येते. मग गदा खाली टाकावी, मंत्र योजावा आणि गदा पुन्हा उचलावी! नियमात हे बसते. पण दर फेरीला गदा आपटणारा आणि वाकून उचलणारा धर्मवीर डोळ्यांसमोर आणला की गांभीर्याचा बोजवारा उडतो. शिवाय ही युक्ती स्वतःच्या पाळीपुरतीच चालते. शत्रूचा घाव अंगावर येत असताना, त्याच्या पाळीत योजायच्या ‘शील्ड’सारख्या संरक्षक मंत्रासाठी ती कामाची नाही. दोन्ही हातांत तलवारी घेतलेला मांत्रिक तेथे हतबल ठरतो.

नियमकर्त्यांनी यावर अधिकृत उपाय दिलेला आहे. ‘वॉर कास्टर’ हे विशेष कौशल्य घेतलेल्या पात्राला दोन्ही हातांत शस्त्र वा ढाल असतानाही मुद्रा करता येतात. परंतु असे कौशल्य निवडण्याची संधी पात्राच्या वाटचालीत मोजक्याच वेळा येते. ते घ्यायचे तर दुसरे काहीतरी सोडावे लागते.

घरच्या नियमांच्या तऱ्हा

या पार्श्वभूमीवर टेबलांवर जे घरचे नियम दिसतात, त्यांच्या ढोबळमानाने चार तऱ्हा करता येतील.

पहिली तऱ्हा सरसकट माफीची: हातांचा हिशेब ठेवायचाच नाही. खेळ वेगाने चालतो, नवख्यांना सोपे जाते. परंतु ज्याने ‘वॉर कास्टर’ घेतले, त्याची निवड बऱ्याच अंशी वाया जाते. ‘हीलिंग वर्ड’ या मंत्राचेही महत्त्व घटते. त्याने जखमा कमी भरतात, पण तो केवळ उच्चाराने आणि साठ फुटांवरूनही साधतो. दोन्ही हात गुंतलेले असताना तो उपयोगी पडावा, हेच त्याचे एक वैशिष्ट्य आहे.

दुसरी तऱ्हा गाठ सोडवण्याची: देवाचे चिन्ह वा मांत्रिकाची काठी धरलेल्या हाताने कोणत्याही मंत्राची मुद्रा करता यावी, मग त्याला सामग्री लागो वा न लागो. यात उफराटा न्याय संपतो, पण दोन तलवारी घेणाऱ्याला फुकट काही मिळत नाही. सर्वांत कमी मोडतोड करणारा नियम हाच म्हणता येईल.

तिसरी तऱ्हा शस्त्रालाच साधन मानण्याची. आपल्या पुराणकथांतील धनुर्धर बाणच अभिमंत्रित करून सोडतो. तेथे शस्त्र आणि मंत्र यांचे वैर नाही. २०१७ च्या पूरक पुस्तकातील ‘रुबी ऑफ द वॉर मेज’ हे माणिक शस्त्रावर बसवले की ते शस्त्र मंत्रसाधन होते. घरच्या नियमात एकच ठरावीक, विधिपूर्वक सिद्ध केलेली तलवार चालेल, अशी अट घालता येते. ती हरवली वा शत्रूने हिसकावली की मंत्रही अडतो, आणि कथेला नवे वळण मिळते.

चौथी तऱ्हा जोखमीची: हात गुंतलेले असताना मंत्र योजता येईल, पण फासा टाकून. फसला तर मंत्र वाया. तिसऱ्या आवृत्तीच्या टक्केवारीची ही धाकटी बहीण होय. लढाईत चुरस वाढते हे खरे. परंतु प्रत्येक मंत्रामागे एक जादा फासा आला की खेळ रेंगाळतो.

‘पाथफाइंडर’ या भावंड-खेळाने २०११ मध्ये आणलेला ‘मेगस’ हा तलवारबहाद्दर मांत्रिक येथे मार्गदर्शक ठरावा. तो एकाच पाळीत वार आणि मंत्र दोन्ही करतो. मात्र त्यासाठी दुसरा हात मोकळा ठेवावा लागतो आणि वारांच्या फाशातून दोन वजा होतात. सवलत आहे, पण तिचे मोलही आहे. त्याच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हातात वस्तू असतानाही मुद्रेला परवानगी दिली. एकाच खेळाने दोन वेळा दोन उत्तरे दिली, यावरून बिनचूक उत्तर एकच नाही हे स्पष्ट व्हावे.

नियम कधी ठरवावा?

तेव्हा कोणता नियम, याहून तो कधी आणि कसा ठरतो, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. कोसळलेल्या त्या योद्ध्याकडे पुन्हा पाहावे. त्याची भूमिका करणारा खेळाडू कदाचित वर्षभर दर आठवड्याला ते पात्र जगत आला आहे. दोन अपयशे झाल्यावर सूत्रधाराने ‘चालेल, कर मंत्र’ म्हटले तर ती कृपा ठरते. ‘गदा हातात आहे, जमणार नाही’ म्हटले तर तो आकस वाटतो. दोन्ही निर्णय नियमाच्या दृष्टीने समर्थनीय असतील, पण त्या क्षणी त्यांना नियमाची प्रतिष्ठा नसते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणावर तशीच वेळ आली की ‘त्याला एक न्याय, मला दुसरा’ ही कुरबुर सुरू होते, आणि चांगले जमलेले टेबल अशा कुरबुरींनीच मोडते.

म्हणून घरचा नियम कथा सुरू होण्यापूर्वी, सर्वांसमक्ष आणि एका वाक्यात लिहून ठेवावा. तो शत्रूच्या मांत्रिकांनाही लागू असावा. नियमामुळे कोणाचे नुकसान होते, हे त्या खेळाडूलाच विचारावे. कोणी आधीच ‘वॉर कास्टर’ घेतले असेल तर त्याला ते बदलून घेण्याची मुभा द्यावी. तीन-चार बैठकांनंतर फेरविचार करण्याचे आधीच ठरवून ठेवावे. लढाईच्या मध्येच अनपेक्षित पेच उद्भवला, तर सूत्रधाराने मरणाऱ्याच्या बाजूने तात्पुरता निर्णय द्यावा आणि कायमचा नियम बैठक संपल्यावर चर्चेने ठरवावा.

‘आमच्याकडे असे खेळतात’ हे वाक्य पत्ते वाटण्यापूर्वी उच्चारले तर तो नियम असतो. पाने उघडल्यावर उच्चारले तर ते भांडण असते. तलवार आणि मंत्र यांचा हिशेबही याहून निराळा नाही.