वेब ॲप कशावर बनवायचं? आधी खाडा मांडा, मग प्लॅटफॉर्म निवडा!



"सर, वर्डप्रेस घेऊ की शॉपिफाय?" हा प्रश्न व्हिडिओखाली नेहमी येतो. पण उत्तर तुमच्या धंद्यात दडलेलं असतं. म्हणून आज एकच धंदा घेऊ आणि त्यावर चार प्लॅटफॉर्म तपासून बघू.

धंदा : डबा सर्व्हिस

समजा, तुमचे ४० महिनेवारी ग्राहक आहेत. महिन्याला ६० डबे, ३,६०० रुपये. म्हणजे एक खाडा पडला की ६० रुपये वजा. खाडे कुणी व्हॉट्सॲपवर कळवतं, कुणी फोनवर. आता ३० जणांचे दोन-दोन खाडे जरी लिहायचे राहिले, तरी ३,६०० रुपयांवरून वाद! तेव्हा तुमची खरी गरज आहे खाड्याची नोंद आणि बिनचूक बिल.

१. शॉपिफाय : लोणची, मसाले, साड्या अशा वस्तू विकायला उत्तम. दुकान लवकर उभं राहतं. दरमहा भाडं असतं, शिवाय पेमेंट गेटवेचा खर्च वेगळा. पण खाडा हा मुळात दुकानाचा प्रश्नच नाही.

२. वर्डप्रेस : २००३ पासून आहे, सॉफ्टवेअर फुकट. वूकॉमर्स जोडलं की विक्रीही होते. मात्र डोमेन आणि होस्टिंगचे पैसे तुमचे, अपडेट आणि बॅकअपची जबाबदारीही तुमचीच. खाड्यासाठी वेगळं प्लगिन शोधा किंवा बनवून घ्या.

३. ॲपशीट : गूगलने २०२० मध्ये विकत घेतलेलं. तुमच्या गूगल शीटवरच ॲप उभं राहतं, कोडिंग नको. नेहमीच्या प्लॅनमध्ये युजरमागे दरमहा पैसे लागतात. मग ४० ग्राहकांना युजर कशाला करायचं? ग्राहक गूगल फॉर्मवर खाडा टाकतील, ॲप तुम्ही आणि डबे पोचवणारी मुलं वापरतील. दोन-तीन युजरमध्ये काम भागलं!

४. बबल : ग्राहकाचं लॉगिन, बिल, पेमेंट, सगळं कोडिंगशिवाय बनवता येतं. पण शिकायला वेळ लागतो, वापर वाढला की बिलही वाढतं. आणि ॲपचा कोड बाहेर काढून दुसरीकडे नेता येत नाही.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या

गूगलचंच 'ॲप मेकर' नावाचं साधन होतं. जानेवारी २०२० मध्ये ते बंद करणार असं जाहीर झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद झालंसुद्धा. डेटा हलवता येत होता, पण ॲप नव्यानेच बांधावं लागलं. कंपनी मोठी आहे म्हणून साधन कायम राहील, असं नसतं.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा :

- माझा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये काढता येतो का?
- डोमेन माझ्या नावावर आहे की बनवणाऱ्याच्या?
- ग्राहक दुप्पट झाले तर महिन्याचा खर्च किती होईल?

आपल्या डबेवाल्या उदाहरणात मी शीट आणि ॲपशीटपासूनच सुरुवात करेन. ग्राहक शंभर-दीडशे झाले, स्वतःचं लॉगिन मागायला लागले, की बबलचा किंवा डेव्हलपरकडून बनवून घ्यायचा विचार. तोवर शीटमधला सगळा हिशेब तुमच्याच हातात राहील.

आजचा गृहपाठ : तुमच्या धंद्यातला 'खाडा' कोणता, म्हणजे रोज कुठे पैसे गळतात, ते एका ओळीत कॉमेंटमध्ये लिहा. प्लॅटफॉर्म त्यानंतर ठरवू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!