एकाचे दीड

पुण्याच्या पश्चिमेला, म्हाळुंग्याच्या बाजूला, ज्या शेतात मागच्या रब्बीला ज्वारी उभी होती, तिथे यंदा निळे पत्रे उभे राहिले. पत्र्यांमधल्या फाटकातून डंपर निघू लागले आणि पहिल्या काही फेऱ्यांत त्यांच्यात निव्वळ काळी माती होती. मुरूम नाही, दगड नाही; हाताने दाबली तर लाडू वळावा अशी ओली, भारी माती. ती शहराच्या दिशेने जाताना पाहून राहवलं नाही. ही माती कुठे जाते, आणि तिच्या जागी तीन मजली तळघराचा खड्डा कसा तयार होतो, हे बघायचं म्हणून ओळखीतून परवानगी काढली, हेल्मेट घातलं आणि आत गेले.

आत गेल्यावर आधी वास येतो. डिझेलचा धूर आणि नुकत्याच उलटलेल्या मातीचा वास एकत्र. नांगरटीच्या वेळी शिवारात येतो तोच हा दुसरा वास. काम जसं खाली गेलं तसा तो विरत गेला आणि दगडाची कोरडी पूड नाकात बसू लागली. पण मला त्या कामाची आठवण आली की मातीचाच वास येतो.

पोकलेनवरचा ऑपरेटर आष्टी तालुक्यातला, तिशीचा. आईवडील अजून ऊसतोडीला जातात. तो आधी हेल्पर म्हणून मशीनला ग्रीस मारायचा, मग रात्रपाळीत दांडे धरायला शिकला. दोन हातांत दोन दांडे. त्यांनीच बूम उचलायचा, दांडी लांबवायची, बकेट वळवायची आणि अख्खं मशीन गर्रकन फिरवायचं. वीस टनांचं यंत्र, पण तो मातीच्या थराखालचा मुरूम न उकरता वरची माती तेवढी सोलून काढायचा. बकेटचे दात मुरमाला लागले की आवाज बदलतो, असं त्याने सांगितलं. ते समजल्यावर मीही कान देऊन ऐकू लागले आणि खरंच, मऊ घसटीच्या जागी एक करकर सुरू व्हायची. तिथे तो हात आवरायचा.

मशीन थांबवून चहा घेताना तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं वीतभर माती, खाली लगेच मुरूम. हितं बघा, पुरुषभर नाही पण छातीला लागंल एवढी हाय. असली चार फूट माती आमच्या रानात असती, तर मी हितं आलोच नसतो." हे बोलून तो परत केबिनमध्ये चढला. त्याच्याकडची, बालाघाटच्या पठारावरची उथळ जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाक्यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

पुढची कामं ठरलेल्या क्रमाने होतात. लेव्हल घ्यायची, चुना मारून रेषा आखायच्या, माती काढायची, मुरूम काढायचा, डंपरला उतरायला रॅम्प ठेवायचा. मुरुमाखाली मांजऱ्या, म्हणजे अर्धवट झिजलेला खडक, लागला. तो काही बकेटने निघाला, काही ब्रेकरने फोडावा लागला. मग खाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. पोकलेनची बकेट काढून ब्रेकर लावला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच ठोका चालू राहतो. कानात बोळे घातले तरी तो पायांतून वर येतो. जिथे ब्रेकर पुरत नाही, तिथे परवानगी घेऊन सुरुंग. रांगेत भोकं पाडायची, दारू ठासायची, वर जाळी आणि वाळूची पोती टाकायची, शिट्ट्या मारून माणसं हटवायची. बार उडाला तेव्हा मला वाटलं होतं तेवढा आवाज झालाच नाही. जमीन एकदा आतून उचलली गेली आणि बसली. वर आली ती तडे गेलेली, उखडलेली काळी रास.

तिथेच मुकादमाने मला तो आकडा सांगितला. "एकाचे दीड होतात." जमिनीत एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट पाषाण असेल, तर फुटल्यावर तो दीड ब्रास भरतो, कारण तुकड्यांमध्ये पोकळी राहते. ठेकेदाराचं बिल, डंपरच्या ट्रिपा, डिझेल, सगळं या दीडवर बेततं. मी वहीत हिशेब मांडला. एकरभर खड्ड्यात एक फूट उतरलं की सुमारे 435 ब्रास. पंचवीस फूट पाषाण काढायचा तर जवळजवळ 10,900 ब्रास, आणि एकाचे दीड केले की सोळा हजारांच्या वर. एका हायवा डंपरमध्ये पाच ब्रास धरले तर तीन हजारांहून जास्त ट्रिपा, एका एकरासाठी. शहरात अवजड वाहनांना दिवसा वेळेची बंधनं, म्हणून यातल्या कितीतरी ट्रिपा रात्री होतात.

याच कामाचं मोठं रूप उलव्याला पाहायला मिळालं होतं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि टेकडीचा दगड शेजारच्या दलदलीत भरून जमीन वर आणली. दहा गावं हलली. 8 ऑक्टोबर 2025 ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे कापलेलं जागेवरच भरावात गेलं. पुण्यातल्या एकरभर खड्ड्याला मात्र शेजारी रिकामी जागा नसते, म्हणून त्याचे दीड कुठेतरी बाहेर जातात: खडीच्या क्रशरवर, रस्त्याच्या भरावात, जुन्या खाणीत, आणि लक्ष नसेल तिथे ओढ्याच्या काठावर.

खड्डा खोल गेला की पाणी लागतं. बेसॉल्टच्या भेगांत साठलेलं ते पाणी पंपाने रात्रंदिवस उपसून गटारात सोडलं जातं. खड्ड्याच्या कडा हा त्याहून मोठा काळजीचा विषय. काळी माती आणि मुरूम सरळ उभे कापले तर पावसात सुटतात. म्हणून पायऱ्या पाडाव्या लागतात, किंवा कडेला गज ठोकून जाळी बसवून सिमेंटचा फवारा मारावा लागतो. कोंढव्यात 29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर खोदकामाच्या कडेची सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. आष्टीच्या ऑपरेटरला ही घटना ठाऊक होती. दोन सरी झाल्यावर कडेला बारीक भेगा दिसल्या, तेव्हा त्याने मशीन मागे घेतलं आणि इंजिनीअर येऊन बघेपर्यंत पुढे घातलं नाही. तासावर भाडं चालणाऱ्या कामात मशीन उभं करणं सोपं नसतं. ते त्याने केलं, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

त्या सगळ्या गडगडाटात माझं मन पुन्हा पुन्हा त्या वरच्या थराकडे जात होतं. दगड, मुरूम, मांजऱ्या यांचा ब्रासवर हिशेब होतो, रॉयल्टी भरली जाते, पावत्या फाटतात. काळ्या मातीचाही हिशेब होतो, पण तो भराव म्हणून. केंद्र सरकारने 2000 साली बांधकामातल्या भरावासाठी वा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती गौण खनिजांत धरली. त्यावर पुण्याच्याच बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर वापरली तर प्रत्येक वेळी स्वामित्वधन लागू होत नाही. ती कशासाठी वापरली हे पाहायला हवं. निकाल योग्यच आहे. पण या सगळ्या वादात माती म्हणजे खड्डा बुजवायची वस्तू. तिच्यात ज्वारी उगवते, ही गोष्ट कुठल्याच रकान्यात नाही. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्या एकरावरची छातीएवढी माती ज्या दिवसांत गेली, तेवढ्यात ज्वारीचं कणीसही भरत नाही.

नियम आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुऱ्यांमध्ये एक अट सहसा असते: वरची सुपीक माती वेगळी साठवून त्याच प्रकल्पाच्या बागेसाठी वापरायची. या साइटवरही कोपऱ्यात मातीचा ढीग केला होता. काही आठवड्यांनी रॅम्प रुंद करायला जागा लागली, ढीग ढकलला गेला, त्यात मुरूम मिसळला, नि मग तोही डंपरमधून गेला. कोणी दुष्टपणाने केलं असं नाही. ट्रिपांचं वेळापत्रक होतं आणि ढिगाचं नव्हतं, एवढंच. इमारती उभ्या राहिल्यावर बागेसाठी लाल माती ट्रकने विकत आणली जाईल. बहुतेक संकुलांत असंच होतं.

माती राखणं अवघड नाही. ती पहिली काढायची आणि मुरमात मिसळू द्यायची नाही. ढीग माणसाच्या उंचीपेक्षा फार वर न्यायचा नाही, पावसाळ्याआधी त्यावर ताग किंवा धैंचा पेरायचा, म्हणजे ती वाहून जात नाही आणि जिवंत राहते. जी जागेवर मावणार नाही ती भरावाला देण्याऐवजी पातळ जमीन असलेल्या शेतकऱ्याला द्यायची. गाळमुक्त धरण योजनेत धरणातला गाळ शेतकऱ्यांच्या रानात जातोच. तीच वाट शहराच्या कडेच्या काळ्या मातीला मिळायला हवी. पाषाणाचे एकाचे दीड होतात. मातीचं मात्र एकदा गेलेलं एकही परत येत नाही.

त्या पत्र्यांमागे काम करणाऱ्यांच्या कौशल्याविषयी मला शंका नाही. थर कुठे संपतो हे ज्याला आवाजावरून कळतं, त्याला माती वेगळी ठेवा एवढं सांगितलं तर तो ठेवेल. सांगायचं कोणी, हा प्रश्न आहे. घर बुक करताना आपण पार्किंग विचारतो, पाणी विचारतो, ताबा कधी ते विचारतो. इथली काळी माती कुठे ठेवली आहे, तेही विचारायला लागूया. मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीच्या अटीत ते लिहिलेलं असतं, आणि ढीग दाखवा असं आपण म्हणायलाच हवं.