लेकीकडे नव्वद दिवस

जर्मनीला निघालेल्या आई-वडिलांच्या सामानात सर्वांत आधी अडचणीत येते ते साजूक तूप. युरोपीय महासंघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास बंदी आहे. त्यामुळे पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड हे सारे त्याच यादीत जाते. ताजी फळे आणि भाज्यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. यातून सूट आहे ती फक्त पाच फळांना : अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन. म्हणजे हापूसची पेटी विमानतळावर अडते, पण देवापुढचा नारळ सुखरूप पोहोचू शकतो! भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड यांना सहसा कोणी हरकत घेत नाही आणि मुलांच्या फर्माईशीत पहिला क्रमांकही बहुधा त्यांचाच असतो.

जर्मनीत मराठी माणूस नवा नाही. चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांच्या सरकारने २००० साली संगणक तज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' योजना आणली, २०१२ साली 'ब्लू कार्ड' आले, आणि २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थ्यांनी संख्येत चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकले. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे, तर चाकणच्या कारखान्यांमुळे पुण्याच्या घराघरांत जर्मन गावांची नावे रुळली. मुलगा वा मुलगी तिकडे स्थिरावली, की पुढचा प्रश्न ओघानेच येतो : आई-बाबा कधी येणार, आणि किती दिवस?

'किती दिवस' याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा व्हिसा मिळाल्यापासून मोजायचे नसतात; ज्या दिवशी मोजणी करायची, त्या दिवसापासून मागे मोजायचे असतात. येण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस हिशेबात धरले जातात. उदाहरणार्थ, १ एप्रिलला फ्रँकफर्टला उतरलेल्या आजी-आजोबांचे ९० दिवस २९ जूनला संपतात. त्यानंतर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा हाती असेल, तर त्यांना २८ सप्टेंबरपासून पुन्हा येता येते. मधल्या काळात पॅरिस किंवा स्वित्झर्लंडची सहल झाली असेल, तर ते दिवसही याच खात्यात जातात, कारण शेंगेन क्षेत्रातील २९ देशांचा हिशेब एकच असतो. पूर्वी ही मोजणी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून होत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी संगणकीय नोंदपद्धती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पुसट शिक्क्याच्या आधारे एखादा दिवस निभावून नेण्याचे दिवस आता गेले.

हे नव्वद दिवस सर्वांत तोकडे पडतात ते बाळंतपणाच्या वेळी. लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये, असे मानणारी पिढी आता लेकीच्याच घरी तीन महिने मुक्कामाला जाते, याचे नवल कुणाला उरलेले नाही. आई प्रसूतीच्या पंधरा दिवस आधी पोहोचते, बाळ अडीच महिन्यांचे झाले की परतीच्या विमानात बसते, आणि त्याच आठवड्यात सासूबाई येऊन दाखल होतात. प्रत्येकीचे दिवस स्वतंत्र मोजले जात असल्याने हा 'खो' कायद्यात चपखल बसतो. दोन्ही व्याह्यांना नातवाचे कौतुक एकत्र करायचे असेल, तर मात्र पुढच्या तीन महिन्यांची सोय पाहावी लागते.

जर्मनीत प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपर्यंत सुईण घरी येऊन आई व बाळाची तपासणी करते आणि तिचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा देतो. तिथे शिक्षण घेऊन परवाना मिळवलेली ही सुईण आणि महाराष्ट्रातून आलेली आजी यांची मते तेल-मालिश, दुपटे गुंडाळणे, गुटी अशा मुद्द्यांवर जुळतीलच असे नाही. बाळाला धुरी देण्याचा बेत तर आधीच सोडून द्यावा. त्या देशातील सर्व सोळा राज्यांत निवासी घरांना धूरसूचक यंत्र सक्तीचे आहे आणि ओव्याच्या धुराने ते कर्कश वाजू लागले, की शेजारी अग्निशामक दलाला बोलावू शकतात. नावाचेही तसेच. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते, म्हणजे बाराव्या दिवसाच्या बारशाआधीच. सुदैवाने नाव कळवायला जन्मापासून महिनाभराची मुदत असते.

आता कागदपत्रांकडे वळू. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवा. याखेरीज मुलाला किंवा मुलीला स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन 'फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' या भारदस्त नावाचे हमीपत्र द्यावे लागते. त्याचे शुल्क २९ युरो. आई-वडिलांची स्वतःची ऐपत कागदोपत्री सिद्ध होत असेल, तर ते लागतेच असे नाही.

या हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते नीट वाचलेले बरे. पाहुण्यांच्या राहण्याचा, आजारपणाचा, प्रसंगी त्यांना परत पाठवण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, तर तो सही करणाऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार सरकारला यातून मिळतो. प्रवासी विमा आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. अशा अनेक पॉलिसींमध्ये आधीपासून असलेले विकार वगळलेले असतात. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांना तिथे हृदयविकाराचा झटका आला, तर विमा कंपनी कोणते कलम दाखवेल, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. स्वस्त पॉलिसी व्हिसापुरती चालते. रुग्णालयात चालेलच असे नाही. औषधे तीन महिन्यांच्या गरजेइतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक, आणि एवढी निकड नसताना रात्री-अपरात्री डॉक्टर हवे असल्यास ११६११७, हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवण्याजोगे आहेत.

व्हिसा नाकारला गेल्यास पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय बंद केली. आता नवा अर्ज तरी करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद तरी मागायची. दुसऱ्या बाजूने थोडी सवलतही मिळाली आहे. एप्रिल २०२४ मधील युरोपीय आयोगाच्या निर्णयानुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. अर्थात, व्हिसा पाच वर्षांचा असला, तरी मुक्काम नव्वद दिवसांचाच.

पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. नंतर मुले कामावर गेली, की घरात शांतता पसरते, आणि जर्मन शांतता आपल्याकडच्यापेक्षा अंमळ जास्तच असते. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी दुकाने बंद, शेजाऱ्याकडे सहज डोकावण्याची पद्धत नाही. भेटीसुद्धा आठवडा-दोन आठवडे आधी ठरतात. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम असतात. लहान गावात तेही नाही. अशा वेळी उपयोगी पडते ते 'डॉइचलांडटिकिट'. जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोंत देशभरातील स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे त्यावर चालतात; वेगवान आयसीई गाड्या मात्र नाहीत. त्यावर प्रवाशाचे नाव असते, त्यामुळे मुलाचे तिकीट बाबांना वापरता येत नाही.

आई-वडिलांना कायमचे बोलावण्याचा मार्ग बराच काळ जवळपास बंदच होता. केवळ असाधारण हलाखीच्या प्रसंगी तशी परवानगी मिळे. १ मार्च २०२४ पासून निवास कायद्याच्या कलम ३६ मध्ये नवी तरतूद आली : त्या तारखेपासून पुढे ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना प्रथमच मिळाला, ते आई-वडिलांना, आणि जोडीदार तिथेच राहत असल्यास सासू-सासऱ्यांनाही, दीर्घकाळासाठी बोलावू शकतात. यात अन्याय असा, की पंधरा वर्षे कर भरणारा अभियंता यातून वगळला गेला आणि गेल्या वर्षी आलेल्या त्याच्या कनिष्ठ सहकाऱ्याला ती सोय मिळाली. तिचा लाभ घेणेही सोपे नाही. सार्वजनिक विम्यात पती-पत्नी आणि मुले यांचा समावेश होतो, आई-वडिलांचा नाही. खासगी कंपन्या वृद्धांना विमा देताना हप्ता तरी भरमसाट सांगतात, नाहीतर नकार तरी देतात. आणि पुरेशा विम्याशिवाय परवाना नाही.

उलट दिशेच्या भेटींचेही गणित शाळेभोवती फिरते. तिथे शाळा सक्तीची आहे. सुटी लागण्याआधी चार दिवस मुलाला घेऊन विमान गाठले, तर दंड होऊ शकतो. उन्हाळी सुटी सहा आठवड्यांच्या आसपास, आणि तीही प्रत्येक राज्यात वेगळ्या तारखांना. २०२५ साली नॉर्थ राइन-वेस्टफालियाची सुटी २६ ऑगस्टला संपली आणि गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला. बव्हेरियातील मुलांना मात्र १५ सप्टेंबरपर्यंत सुटी असल्याने अनंत चतुर्दशीपर्यंत आजोळी राहता आले.

घरी कोणी गंभीर आजारी असेल, तर सुटीचा प्रश्न बाजूला पडतो आणि परवान्याचा उभा राहतो. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास साधा निवास परवाना आपोआप रद्द होतो. ब्लू कार्डधारकांना बारा महिन्यांची मुभा आहे. वडिलांच्या सेवेसाठी येणाऱ्या मुलाने निघण्यापूर्वीच परदेशी नागरिक कार्यालयाकडे मुदत वाढवून मागावी. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाने गेलेला परवाना परत मिळत नाही.